कावळा बसला नि फांदी मोडली!

‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली’ ही म्हण तुम्ही मराठीच्या पुस्तकात वाचली असेल. संस्कृतात यालाच ‘काकतालीय न्याय’ म्हणतात. तिथं फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं, एवढाच काय तो फरक. फांदी आतून किडलेली असते, ती मोडणारच असते. नेमका त्याच क्षणी कावळा येऊन टेकतो आणि बघणारे ओरडतात, “कावळ्यानं फांदी मोडली!”

परीक्षेत ही म्हण फार तर दोन मार्कांची. पण हीच चूक एखाद्या प्रसिद्ध नटीनं टीव्हीवर लाखो लोकांसमोर केली तर? तर मुलं आजारी पडतात. अतिशयोक्ती नाही, खरंच सांगते.

ही गोष्ट लंडनमध्ये सुरू होते. साल १९९८, महिना फेब्रुवारी. ‘लॅन्सेट’ नावाचं एक नियतकालिक आहे, डॉक्टर मंडळी त्याला फार मानतात. त्यात अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या डॉक्टरांचा नि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख छापून आला. लेख होता अवघ्या बारा मुलांबद्दल. त्यांना पोटाच्या तक्रारी होत्या, आणि बहुतेकांना स्वमग्नता होती. त्यांतल्या आठ मुलांच्या बाबतीत पालकांनी किंवा डॉक्टरांनी सांगितलं होतं, की एमएमआर लस टोचल्यानंतर हे सुरू झालं.

एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन रोगांवरची एकत्र लस. गंमत बघा, लसीमुळेच हे होतं असं आम्ही सिद्ध केलेलं नाही, हे त्या लेखातच लिहिलेलं होतं. पण पत्रकारांसमोर वेकफील्ड यांनी सांगितलं, की तिन्ही लसी एकत्र देऊ नयेत, वेगवेगळ्या द्याव्यात. झालं! वर्तमानपत्रांना मथळा मिळाला आणि आईबाबांच्या पोटात भीतीचा गोळा आला.

आता यात कावळा कुठला नि फांदी कुठली? एमएमआरचा पहिला डोस तिकडे मूल साधारण एक वर्षाचं झालं की देतात. स्वमग्न मूल बोलायला उशीर लावतं, हाक मारली तरी वळून बघत नाही, आपल्याच तंद्रीत असतं. हे आईच्या लक्षात कधी येणार? बोलायच्या, हाकेला ओ द्यायच्या वयात! म्हणजे पुन्हा दुसऱ्या वर्षाच्या आसपासच. लाखो बाळांना ज्या वयात लस मिळते, त्याच वयात काही थोड्या बाळांची स्वमग्नता दिसू लागते. कुणाची लशीनंतर महिन्यानं दिसते, तर कुणाची दुसऱ्याच आठवड्यात. त्या आईला वाटतं, कावळ्यानंच फांदी मोडली. मी तिला हसणार नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

(स्वमग्न मुलं काही भलती नसतात, बरं का. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. एसटीचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ! गोंगाट झाला की मात्र तो कानांवर हात ठेवून बाकाखाली जाऊन बसे.)

मग खरं-खोटं कसं ठरवायचं? लस घेतलेली आणि न घेतलेली अशा दोन्ही गटांतली पुष्कळ मुलं बघायची. कावळा न बसलेल्या फांद्याही मोडतात का, ते मोजायचं! डेन्मार्क देशात प्रत्येक माणसाची सरकारदरबारी नोंद असते, कुठली लस कधी घेतली याचीसुद्धा. तिथल्या संशोधकांनी १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेल्या ५ लाख ३७ हजार ३०३ मुलांच्या नोंदी तपासल्या. लस घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नता जास्त आढळली नाही. हे २००२ साली प्रसिद्ध झालं. पुढं २०१९ साली त्याच देशात आणखी ६ लाख ५७ हजार ४६१ मुलांच्या नोंदी पाहिल्या. उत्तर तेच.

जपानची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथं एमएमआर लस १९९३ साली बंद केली होती. का? तर तिच्यातल्या गालगुंडाच्या भागामुळे काही मुलांच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते, असं आढळलं म्हणून. म्हणजे लशीत खरोखर दोष निघाला, तर शास्त्रज्ञ तो झाकून ठेवत नाहीत, लस थांबवतात. पण एमएमआर थांबल्यानंतरही स्वमग्न मुलांची संख्या तिथं कमी झाली नाही, उलट वाढतच राहिली. कावळा उडून गेला, तरी फांद्या मोडतच होत्या!

तिकडे ब्रायन डिअर नावाचा एक चिवट पत्रकार त्या बारा मुलांच्या मागे लागला. लसकंपन्यांवर खटला भरायच्या तयारीत असलेल्या एका वकिलाकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते, हे त्यानं २००४ मध्ये उघडकीला आणलं. मुलांच्या दवाखान्यातल्या नोंदी एक सांगत होत्या आणि लेख दुसरंच, हेही पुढं बाहेर आलं. २०१० साली ‘लॅन्सेट’नं तो लेख मागे घेतला. त्याच वर्षी वेकफील्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकण्यात आलं.

पण एवढी वर्षं भीती टिकली कशी? इथंच नामवंत मंडळी येतात.

२००१ च्या अखेरीस ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना पत्रकारांनी विचारलं, तुमच्या धाकट्या मुलाला एमएमआर दिली का? ब्लेअर म्हणाले, तो आमच्या घरातला प्रश्न आहे. एका अर्थी बरोबरच होतं त्यांचं. पण लोकांनी त्याचा अर्थ काय लावला असेल, सांगा बरं? “बघा, पंतप्रधानसुद्धा आपल्या पोराला देत नाहीत!” कित्येक दिवस वर्तमानपत्रांत त्या बाळाचीच चर्चा. त्याला लस दिली होती, हे त्याच्या आईनं आपल्या आत्मचरित्रात लिहिलं, पण तोवर २००८ साल उजाडलं होतं.

अमेरिकेतली गोष्ट याच्या उलट आहे. तिथं कुणी गप्प बसलं नाही. जेनी मॅकार्थी ही तिथली नटी आणि टीव्हीवरची लोकप्रिय बाई. तिच्या मुलाला स्वमग्नता असल्याचं निदान झालं होतं. सप्टेंबर २००७ मध्ये ती ओप्रा विन्फ्रे यांच्या कार्यक्रमात आली. हा कार्यक्रम म्हणजे अमेरिकेतल्या घराघरांत पाहिला जाणारा. एमएमआर दिल्यावर माझा मुलगा बदलला, असं तिनं सांगितलं. ओप्रा यांनी सरकारी आरोग्य संस्थेचं निवेदन वाचून दाखवलं, की लशीचा आणि स्वमग्नतेचा संबंध आढळलेला नाही. त्यावर जेनीचं उत्तर असं, की माझं विज्ञान म्हणजे माझा मुलगा, आणि तो घरी आहे. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

डोळ्यांसमोर आणा. एकीकडे कागदावरचं रूक्ष निवेदन, दुसरीकडे गळा दाटून आलेली, देखणी, ओळखीची आई. तुम्ही कुणाचं ऐकाल? डेन्मार्कचा अभ्यास तेव्हा पाच वर्षांचा जुना झाला होता. पण पाच लाख सदतीस हजार मुलं काही सोफ्यावर येऊन बसत नाहीत, आणि आकड्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

पुढच्या वर्षी, जून २००८ मध्ये, जेनीनं वॉशिंग्टनमध्ये मोर्चा काढला. सोबत ‘द मास्क’ सिनेमातला जिम कॅरी! मी लसींच्या विरोधात नाही, मला फक्त अधिक सुरक्षित लसी हव्यात, असं ती म्हणे. तिचं दुःख खोटं नव्हतं. मात्र ऐकणाऱ्यांच्या मनात राहिलं ते एवढंच, की लस नको.

आता याची किंमत कुणी मोजली? तुमच्याच वयाच्या मुलांनी. वेल्समध्ये स्वान्सी नावाचं शहर आहे. २०१२-१३ मध्ये तिथं गोवराची मोठी साथ आली. बाराशेच्या वर रुग्ण नोंदवले गेले, आणि पंचवीस वर्षांचा एक तरुण दगावला. गोवर म्हणजे लहान बाळांचा आजार असं आपण समजतो ना? इथं मात्र दहा ते अठरा वर्षांची मुलं भराभर आजारी पडली. कारण सोपं होतं. ही मुलं बाळं होती तेव्हाच ती भीती पसरली होती. लस चुकली १९९८ च्या सुमारास आणि गोवरानं गाठलं चौदा-पंधरा वर्षांनी!

गोवराचा विषाणू असा आहे, की रोगी खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत तो हवेत राहू शकतो. लस न घेतलेली दहा माणसं रोग्याच्या सहवासात आली, तर त्यांतली नऊ सापडतात. म्हणून गावातल्या शंभरांपैकी पंच्याण्णव जणांना तरी लस मिळालेली असावी लागते. ब्रिटनमध्ये हा आकडा ऐंशीच्या आसपास घसरला होता.

आपल्याकडंही असं होतं का? होतं ना. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना लस, आणि सुरुवात शाळांपासून. आदल्या आठवड्यातच आमच्या गावात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला. कोट घातलेला कुणी माणूस, मागे संगीत, ‘ही लस देऊ नका’. दुसऱ्या दिवशी चार-पाच आया शाळेच्या फाटकात उभ्या. “बाई, आमच्या पोरीला टोचू नका हो.” मी समजावलं, मुख्याध्यापकांनी समजावलं, सिस्टरनी समजावलं. ऐकेनात. शेवटी आमच्या आशाताई आल्या, आपल्या स्वतःच्या मुलाला रांगेत पहिला उभा केला आणि म्हणाल्या, “याला टोचा आधी.” अर्ध्या तासात रांग लागली. त्या फाटकापुरत्या अमिताभ बच्चन त्याच!

तुम्ही विचाराल, मग नटनट्यांनी लसीबद्दल बोलूच नये का? तर ऐका, आणखी एक गोष्ट. २८ ऑक्टोबर १९५६. न्यूयॉर्क. एल्विस प्रेस्ली हा एकवीस वर्षांचा गायक, त्याच्यासाठी अमेरिकेतली पोरं वेडी झालेली. टीव्हीवर गायच्या आधी, पडद्यामागे, फोटोवाल्यांसमोर त्यानं बाही वर केली आणि पोलिओची लस टोचून घेतली. तेव्हाच्या कॉलेजकुमारांना वाटायचं, पोलिओ म्हणजे बाळांचा आजार, आपल्याला काय त्याचं? एल्विसच्या फोटोनं त्यांचे कान टवकारले. पण नुसत्या फोटोवर काम भागलं नाही, हेही खरं. मुलामुलींनीच पुढं गट केले, घरोघर फिरले. लस घेतलेल्यांनाच प्रवेश, असे नाचाचे कार्यक्रमसुद्धा ठेवले!

आता नीट लक्ष द्या. एल्विसला लसीतलं काय कळत होतं? काही नाही! जेनीइतकंच. फरक त्यांच्या पाठीशी काय होतं, यात होता. डॉ. जोनास साल्क यांची ती लस १९५४ साली अमेरिकेत तपासली गेली, तेव्हा सुमारे अठरा लाख मुलांनी त्यात भाग घेतला. बहुतेक पहिली ते तिसरीतली पोरं, माझ्या वर्गातल्यांएवढी. कुणाला खरी लस, कुणाला नुसतंच औषध नसलेलं इंजेक्शन, तर काहींची फक्त नोंद ठेवली. मग मोजणी झाली. एल्विसच्या दंडामागे ती अठरा लाख मुलं उभी होती. जेनीच्या पाठीशी तिचं एकटं लेकरू.

आपल्याकडं ‘दो बूँद जिंदगी की’ म्हणत अमिताभ बच्चन टीव्हीवर यायचे, ते आईबाबांना आठवत असेल. लस चांगली आहे ती अमिताभ सांगतात म्हणून नव्हे, हे आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ ला, पश्चिम बंगालमध्ये. आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

तेव्हा मोबाइलवर कुणी मोठा माणूस आरोग्याचं काही सांगू लागला, की त्याला मनातल्या मनात विचारा, “किती फांद्या मोजल्यात, काका?”

आता एक काम. कपाटातून आपलं लसीकरणाचं कार्ड शोधून काढा आणि गोवराचे दोन्ही डोस लिहिलेत का, ते आईला विचारा. २०२२ मध्ये मुंबईत, गोवंडीकडं गोवर पसरला, तेव्हा करोनाच्या काळात कित्येक बाळांच्या लसी राहून गेल्या होत्या. तुमचा एखादा डोस राहिला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे कार्ड घेऊन जा.

कार्ड शोधताना आजी जवळ असेल, तर तिला दंड दाखवायला सांगा. गोल, चकतीसारखी खूण दिसेल. ती देवीच्या लशीची. आपल्या देशातली पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली होती. तशी खूण तुमच्या दंडावर नाही, आईच्याही नाही. देवी जगातूनच गेल्याचं १९८० साली जाहीर झालं, टोचायचं कारणच उरलं नाही. ती टोचून घेताना आजी किती रडली होती, तेही विचारा.