अंमल, अमली आणि मामलेदार

तासगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. 1942 साली ते सातारा जिल्ह्यात होतं. त्या वर्षी 3 सप्टेंबरला तासगावच्या आणि 9 सप्टेंबरला वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चे गेले. वडूजला गोळीबार झाला; परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी हुतात्मा झाले. इंग्रजांचा अंमल खेडुतांना समोर दिसायचा तो याच कचेरीत. ‘अंमल’ आणि ‘मामलेदार’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. ऐन, मीम, लाम ही त्याची तीन व्यंजनं आणि मूळ अर्थ काम करणं. या शब्दकुळाविषयी आपल्याकडे काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

मामलेदार इंग्रजांनी आणला, ही त्यातली एक. पेशवाईतच मामलेदार आणि कमाविसदार मुलखाचा कारभार पाहत होते. ‘मुआमला’ म्हणजे दोघांतला व्यवहार. त्यावरून मामला, मामलत आणि मामलत सांभाळणारा तो मामलेदार. ‘दार’ हा प्रत्यय मात्र फारसी.

सत्तेचा अंमल वेगळा आणि नशेचा अंमल वेगळा, असंही अनेकांना वाटतं. शब्द एकच आहे. राजाचं काम प्रजेवर चालतं, अफूचं शरीरावर. म्हणून अमली पदार्थ पकडणारा पोलीस अंमलदार आणि त्यानं पकडलेला माल, दोघांची नावं एकाच मुळाची. संस्कृतातला ‘अमल’, म्हणजे निर्मळ, याच्याशी त्यांचं काही नातं नाही.

‘मामुली’ तर या घरातला वाटतच नाही. ‘मामूल’ म्हणजे नेहमी केलं जाणारं, वहिवाटीचं. मामूलप्रमाणे द्यायचं ते रिवाजाप्रमाणे द्यायचं. रोजचं ते साधं आणि साधं ते क्षुल्लक, असा अर्थ उतरत गेला. खुद्द अरबीत हा धातू आणखी पसरतो. ‘आमिल’ म्हणजे करवसुलीचा अधिकारी. व्याकरणात मात्र ज्या शब्दामुळे दुसऱ्या शब्दाचा शेवटचा स्वर बदलतो तो आमिल. जुन्या अरबीत कष्टाळू, दणकट उंटिणीचं नावही याच धातूतून आलं आहे.

हे शब्द अरबांनी थेट आपल्याकडे आणले, असंही नाही. ते आले फारसीतून, बहमनी आणि आदिलशाही दफ्तरांच्या वाटेनं. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो मोठा आणि विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. तरीही अंमल आणि मामला टिकले, कारण ते तोवर दरबारापलीकडे घराघरांत बोलले जात होते.

राहिला सर्वांत फसवा समज: उच्चार जुळला की मूळ एक. देवनागरीत येताना अरबीतले बरेच भेद पुसले जातात. ‘महसूल वसूल केला’ म्हणताना दोन वेगळे धातू शेजारी येतात. महसूल आणि तहसील हे ‘मिळणं’ या अर्थाच्या धातूचे, तर वसूल ‘पोहोचणं’ या अर्थाच्या. नजर आणि नजराणा यांचंही तसंच. नजरेचा धातू पाहण्याचा आहे, आणि नजराण्यामागे ‘नझ्र’ आहे, म्हणजे नवस किंवा वाहिलेली भेट.