जलसंजीवनीत जादा साखर नको

पावसाळ्यात पंचगंगेला पूर येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापुरातील सखल वस्त्यांत आणि शिरोळ तालुक्यातील गावांत पाणी घराघरांत शिरले. पूर ओसरताना पिण्याच्या पाण्यात घाण मिसळते आणि जुलाब-उलट्यांची साथ पसरण्याची भीती असते. अशा वेळी लेकराला चव लागावी म्हणून जलसंजीवनीत, म्हणजे ओआरएसमध्ये, आणखी साखर किंवा गूळ घातला जातो. हे जिवावर बेतू शकते.

बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात. चिरलेल्या काकडीला मीठ लावले की पाणी सुटते. या दोन्हींमागे नियम एकच आहे. पेशीचे पातळ आवरण पाण्याला वाट देते, साखर-मिठाला सहजी देत नाही. म्हणून ज्या बाजूला साखर-मीठ जास्त, त्या बाजूला पाणी ओढले जाते. याला परासरण म्हणतात. ही ओढ थोपवायला जेवढा दाब लावावा लागेल, तो परासरण दाब. आपला गूळ लवकर नासत नाही, त्यालाही हेच कारण आहे. त्यात जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही.

आता आतड्याकडे पाहू. ग्लुकोज आणि मिठातील सोडियम आतड्याच्या पेशींत जोडीने शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात जाते. जुलाब लागले तरी ही वाट बहुधा चालू असते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, मीठ आणि साखर दोन्ही लागतात. पण साखर फार झाली तर ती आतड्यात उरते, अंगातलेच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. रक्ताची तीव्रता लिटरला सुमारे २९० मिलिऑस्मोल असते. जलसंजीवनीची पूर्वी ३११ होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ती २४५ वर आणली.

या साध्या पाण्याची ताकद १९७१ मध्ये दिसली. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत कॉलरा पसरला. सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

आपण घरी काय करावे?

• पाकिटावर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्या, उकळून गार केलेले. वरून काही घालू नका.
• पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान.
• २ वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा द्या.
• अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका. थंड पेये देऊ नका.
• उरलेले पाणी २४ तासांनी टाकून द्या.
• झिंकच्या गोळ्यांबद्दल आशाताईंना विचारा.

डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी वाट पाहू नका. जवळचे आरोग्य केंद्र किंवा सीपीआर रुग्णालय गाठा आणि वाटेतही पाणी पाजत राहा.