पेला सर्वांच्या हाती असावा

इंदुरातील आपल्या एखाद्या लग्नाचा स्वागतसमारंभ वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. वधूवरांच्या शुभचिंतनासाठी पेले उंचावण्याची वेळ येते, वाइनचे तबक फिरू लागते. एक गृहस्थ हात जोडून नकार देतात. तोच शेजारून आग्रह होतो, "घ्या हो भिया, एकाने काय होते?" चार माणसे वळून पाहतात. गृहस्थ कसेनुसे हसतात आणि जेवणाआधीच घरची वाट धरतात. असे प्रसंग आम्ही अनेकदा पाहिले आहेत.

ज्याने मोठ्या कष्टाने दारू सोडली, त्याचे सारे त्या एका पेल्यानेच बिघडते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली 'अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना पहिलाच पेला टाळण्यास सांगते, ते याचसाठी. कोणाचे औषध चालू असते, कोणास मुळी रुचतच नाही. कारण सांगण्याचे बंधन पाहुण्यावर नाही, आणि यजमानाने ते विचारूही नये.

शिवाय, न पिणारा हा काही अपवाद नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, १५ वर्षांवरील पुरुषांत मद्य घेणारे शेकडा १९ आणि स्त्रियांत अवघी १. तरीही न पिणाऱ्याच्या वाट्यास बहुधा कोमट पाण्याची बाटलीच येते.

सरकारने आपल्या परीने पावले उचलली. मध्य प्रदेशात २०२३ च्या एप्रिलपासून दारूच्या दुकानांलगतचे अहाते बंद झाले. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आदी तीर्थक्षेत्रांतील दुकानेही बंद झाली. परंतु घरच्या मांडवातील आग्रहाला कायदा आवरू शकत नाही. ते काम यजमानाचे.

आणि ते अवघडही नाही. अन्यत्र शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत. आपल्या इंदूरची शिकंजी दाट दुधाची, केशर व सुकामेवा घातलेली. ती त्याच तबकात, तशाच पेल्यांतून, त्याच वेळी फिरवावी. शुभेच्छेस रंग पेयाने नव्हे, मनाने येतो.

द्राक्षारसाची निंदा करणे हा आमचा हेतू नाही. काना गावच्या लग्नात तो संपला, तेव्हा ती उणीव मरियामातेच्या ध्यानी आली आणि यजमानाची लाज राखली गेली. आपल्या मांडवात आज कोणाचा हात रिकामा आहे, हे आपल्याही ध्यानी यावे, एवढेच आमचे मागणे.