मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट कशाला पाहायची?

“अजून पिकला नाही, पिकला की करू.” मोतीबिंदूविषयी आपल्या घरांत सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य हेच असावे. आकुर्डी, चिखली, भोसरी, चाकण, कोठेही जा. दादी, नानी, अब्बा, खालू यांपैकी कोणाच्या तरी डोळ्यात मोतीबिंदू आहे, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आहे आणि घरात वाट पाहणे चालू आहे. आम्ही शाळेत शिकवतो. मुलांना सोडायला-न्यायला येणाऱ्या आजी-आजोबांशी रोज बोलणे होते, त्यातून हे नेहमी कानावर पडते. गेल्या काही वर्षांत आमच्या घरातल्या दोन वडीलधाऱ्यांची ऑपरेशने झाली. तेव्हा जे पाहिले आणि डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत.

‘पिकू द्या’ हा सल्ला एके काळी खरा होता. तेव्हा मोठा छेद घेऊन डोळ्याचे संपूर्ण नैसर्गिक भिंग बाहेर काढत, टाके घालत, रुग्णाला कित्येक दिवस हलू देत नसत. आत दुसरे भिंग बसत नसे, त्यामुळे पुढे जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. एवढे सगळे सोसायचे तर नजर पुरती जाईपर्यंत थांबलेले बरे, असा हिशेब होता. तो बदलला. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या प्लास्टिक काचेचे कण पाहिले. काही डोळ्यांनी ते कण निमूट सहन केले होते. त्यावरून कृत्रिम भिंगाची कल्पना निघाली आणि १९४९ साली त्यांनी ते पहिल्यांदा बसवले. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची पद्धत आणली. तिलाच आपण ‘फेको’ म्हणतो. छेद जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा, टाका बहुधा लागत नाही.

आता उलटे झाले आहे. जितका जास्त पिकलेला, तितका मोतीबिंदू टणक. तो फोडायला जास्त शक्ती लावावी लागते आणि त्याचा त्रास डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्याला होतो. फार उशीर झाला तर भिंग फुगते, डोळ्यातला दाब वाढतो, डोळा लालभडक होऊन ठणकतो आणि नजर कायमची जाऊ शकते. मग करायचे कधी? रोजच्या कामात अडू लागले की. नाशिक रस्त्यावर रात्री समोरच्या ट्रकचे दिवे पसरलेले दिसतात, जिना उतरताना पायरी चुकते, चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलतो, एवढे पुरे आहे. थेंब, सुरमा, मध, कशानेही मोतीबिंदू विरघळत नाही. बाजारातल्या काही सुरम्यांत तर शिसे असते.

एक गोष्ट फसवी आहे. साठी-पासष्टीत एखाद्या आजीचा जवळचा चष्मा अचानक सुटतो. ती बिनचष्म्याची सुई ओवते, घरात कौतुक होते. बहुतेक वेळा तो वाढत्या मोतीबिंदूचा परिणाम असतो. भिंगाचा मधला भाग घट्ट होऊन डोळ्याचा नंबर सरकलेला असतो. काही महिन्यांनी तेही दिसेनासे होते.

उर्दू शिकवताना एक शब्द भेटतो, ‘नुझूल-उल-मा’, म्हणजे पाणी उतरणे. जुन्या अरब हकिमांना वाटे की डोळ्यात वरून पाणी उतरते आणि गोठते. युरोपातला ‘कॅटरॅक्ट’ हा शब्दही या उतरणाऱ्या पाण्याच्या कल्पनेतूनच गेला, त्याचा एक अर्थ धबधबा. कल्पना चुकीची निघाली, पण त्याच परंपरेतल्या अम्मार इब्न अली अल-मौसिली यांनी साधारण हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढल्याचे लिहून ठेवले आहे. डोळ्याला सुई लावायला भिणाऱ्या आमच्या एका चाचांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे हे नवीन काही नाही तर!”

अम्मीचा नंबर शेवटी का?

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, ५० वर्षांवरील लोकांत जे अंधत्व आहे, त्यातले ६६ टक्क्यांहून अधिक मोतीबिंदूमुळे आहे. म्हणजे तीन अंधांपैकी दोघांना ऑपरेशनने दिसू शकले असते. त्यात स्त्रिया मागे राहतात, हे जगभर आढळते. आमच्या वस्तीतही तेच आहे. अब्बा स्कूटर चालवतात, दुकानात बसतात, म्हणून त्यांचे ऑपरेशन लगेच होते. अम्मी घरातच असते, “तिला कुठे गाडी चालवायची आहे?” ती तव्यावर बोटे भाजून घेते, तांदळातले खडे तिला दिसत नाहीत, रात्री बाथरूमला जाताना भिंत चाचपते, पण बोलत नाही. विचारले तर म्हणते, “अल्लाहची मर्जी, सब्र करते आहे.” सब्राचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजारावर उपचार करून घेण्यास सांगितले आहे. ज्या आजाराला पाऊण तासाचा इलाज आहे, त्यात सब्र करायला लावणे हा घरच्यांचा आळस आहे, असे आम्हांला स्पष्टच वाटते. तिच्यामागे स्वयंपाक कोण करणार, हा खरा अडसर असतो. तो आधी सोडवा, तारीख नंतर घ्या.

ऑपरेशनच्या आधी

रक्तातील साखर, रक्तदाब आणि डोळ्याची मोजमापे आधी होतात. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजूनच भिंगाचा नंबर ठरतो. साखर फार वाढलेली असेल तर तारीख पुढे जाते, त्यात रागावण्यासारखे काही नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून दाखवायला न्या. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी दिलेली असते. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी राहत नाही, म्हणून ती चालू असल्यास किंवा पूर्वी घेतली असल्यास आवर्जून सांगावे. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

भिंग कोणते, यावर घरात बरीच चर्चा झडते. साधे एकाच अंतराचे भिंग बसवले की दूरचे स्वच्छ दिसते, वाचायला चष्मा लागतो. कुरआन शरीफची तिलावत रोजची असेल, शिवणकाम असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. जवळ-दूर दोन्ही दाखवणारी महाग भिंगे असतात, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसण्याची तक्रार त्यांत जास्त. मधुमेहाने पडदा खराब झालेल्यांना ती सहसा देत नाहीत. महाग भिंग म्हणजे जास्त चांगली नजर, असे समीकरण नाही.

सरकारी दवाखान्यात किंवा शिबिरामार्फत केलेले ऑपरेशन हलके, हाही गैरसमजच. तेथे बहुधा लहान छेदाची, बिनटाक्याची दुसरी पद्धत वापरतात. छेद फेकोपेक्षा थोडा मोठा, पण निकाल चांगला. पूर्वी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखाहून अधिक मोतीबिंदू काढले, बाबा आमट्यांच्या आनंदवनात शिबिरे घेतली, २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती माणसे सरकारी खाटेवरच बरी झाली होती.

त्या दिवशी काय होते?

आदल्या दिवशी डोक्यावरून स्नान करून घ्यावे, कारण पुढे काही दिवस ते करता येत नाही. काजळ-सुरमा अजिबात नको. नाकातली चमकी, कानातले घरीच ठेवा. नकाब वापरणाऱ्या भगिनींना आत चेहरा उघडा ठेवावा लागतो. स्त्री परिचारिका बरोबर असावी, असे आधी सांगितले तर बहुतेक ठिकाणी मान ठेवतात. बाहुली मोठी करण्यासाठी थोड्या-थोड्या वेळाने थेंब घालत राहतात. त्यात ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून घाई करून जाऊ नये.

भूल फक्त डोळ्यापुरती असते, थेंबांची किंवा डोळ्याशेजारी एका इंजेक्शनची. माणूस जागा असतो. चेहऱ्यावर कापड टाकतात, त्याने काहींना गुदमरल्यासारखे होते. बाजूने हवा येत असते, तरी त्रास वाटला तर बोलावे. खोकला येत असेल तर आधी “खोकतो” म्हणावे, मान हलवू नये. आतून चाकू वगैरे दिसत नाही. लख्ख उजेड आणि पाण्यातून पाहावे तसे रंग हलताना दिसतात. आमच्या अम्मीने तेवढा वेळ मनातल्या मनात दरूद शरीफ पढून काढला. भिंग बसवायला साधारण पंधरा-वीस मिनिटे. त्याच दिवशी घरी सोडतात, दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावतात.

पहिले काही दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, धूसर दिसते. रंग एकदम उजळतात. ज्याला इतके दिवस पांढरे म्हणत होतो ते पिवळट होते, हे तेव्हा कळते. मात्र खरे काम घरी सुरू होते. थेंब चार ते सहा आठवडे, ठरल्या वेळी. दर वेळी हात साबणाने धुऊन, दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवून, बाटलीचे टोक पापणीला न लावता. घरातल्या एकाच माणसाने ही जबाबदारी घ्यावी. आम्ही फळ्यासारखा एक कागद फ्रिजवर चिकटवला होता आणि आठवीतली नात त्यावर खुणा करत असे. औषध संपले म्हणून तीच बाटली पुन्हा आणून महिनोन् महिने घालू नका. त्यात स्टेरॉइड असते, त्याने डोळ्याचा दाब वाढतो.

डोळा चोळू नये, त्यात पाणी जाऊ देऊ नये, धूर-धूळ टाळावी, जड उचलू नये, झोपताना ढापण लावावे. वुजूचा प्रश्न येथे येतो. डोळ्याला पाणी चालत नसेल तर शरीअतने सवलत दिली आहे. चेहऱ्यावर ओला हात कसा फिरवायचा, तयम्मुम केव्हा, हे आपल्या मशिदीतल्या आलिमांना विचारावे. सजद्यात वाकण्याविषयी किती दिवस थांबायचे ते डॉक्टर सांगतात, तोवर खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज होते. रमजानमध्ये थेंबांनी रोजा तुटतो या भीतीने काहीजण औषध सोडतात. बहुतेक उलेमांच्या मते डोळ्यातल्या थेंबाने रोजा तुटत नाही. शंका असेल तर विचारा, पण औषध चुकवू नका.

दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, डोळा लाल झाला, पू आला, दिसत होते ते कमी झाले, किंवा डोळ्यासमोर विजा चमकल्या, पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्र असली तरी. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

ऑपरेशन व्यवस्थित होऊनही “दिसत नाही” अशी तक्रार काही घरांत ऐकू येते. मोतीबिंदूने घेतलेली नजरच त्या ऑपरेशनने परत मिळते. मधुमेहाने पडदा बिघडला असेल किंवा काचबिंदूने नस सुकली असेल, तर ते भिंग बदलून सुधारत नाही. म्हणून पडद्याची तपासणी आधी मागून घ्या. काही महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा धूसर झाले की लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते, ती लेसरने काही मिनिटांत, न कापता साफ होते.

इतर ऑपरेशनांचे थोडक्यात. काचबिंदूचे ऑपरेशन उरलेली नजर वाचवते, गेलेली आणत नाही. पडद्याच्या ऑपरेशनात डोळ्यात वायू भरला असेल तर दिवसेंदिवस पालथे राहावे लागते आणि तो विरेपर्यंत विमानात बसता येत नाही. उमराहचे तिकीट काढण्याआधी हे विचारा. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ग्राइंडिंग करणाऱ्या तरुणांच्या डोळ्यात लोखंडाचा कण जातो आणि शेजारचा कामगार तो रुमालाच्या टोकाने काढतो. असे कधीच करू नये. आत घुसलेल्या कणाने पंचविशीतही मोतीबिंदू होतो.

खर्चाचे म्हणाल तर राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्याखाली सरकारी आणि काही धर्मादाय रुग्णालयांत मोतीबिंदूचे ऑपरेशन मोफत होते. आपल्या भागात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि मासूळकर कॉलनीतले नेत्र रुग्णालय आहे. पुण्यात हडपसरजवळ मोहम्मदवाडीचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. कारखान्यात काम करणाऱ्या ज्या मुला-मुलींच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात. ईएसआयचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात आहे. आई-वडिलांची नावे कार्डावर चढवलेली नसतील तर कंपनीच्या कार्यालयात सांगून ती आधी चढवून घ्यावी लागतात, त्यासाठी त्यांचे आधार कार्ड आणि फोटो तयार ठेवा.