नाकाची भाषा (भाग ५) : ‘श्वान घुटमळले’

आपल्याकडच्या जिल्हा पानांवरचं एक वाक्य वाचकांना पाठ झालं आहे. घरफोडी होते, पंचनामा होतो, ठसेतज्ज्ञ येतात, श्वान पथकाला पाचारण करण्यात येतं. श्वान मुख्य रस्त्यापर्यंत माग दाखवतं आणि ‘तिथेच घुटमळतं’. गाव कधी मेहकर असतं, कधी चिखली, कधी नांदुरा; वाक्य तेच. मग पारावर निकाल लागतो, “कुत्र्यालाबी नाही सापडला!”

मागच्या आठवड्यात आपण कुत्र्याच्या नाकाची रचना पाहिली. या आठवड्यात हे घुटमळणं पाहू. पथकातल्या माणसाला नेमकं काय शिकवावं लागतं, ते त्यातूनच कळतं.

आपल्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत झडत असतात आणि त्यांच्याबरोबर आपला गंधही सांडत जातो. शिवाय चालताना पायाखाली गवत चिरडतं, माती उकलते, त्यांचाही वास सुटतो. ओल्या वावरातून किंवा बांधावरच्या गवतातून गेलेल्या माणसाचा माग असा दुहेरी असतो. तापलेल्या डांबरावर चिरडायला गवत नसतं, आणि गंधही लवकर उडून जातो. चोर रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारसायकलवर बसला असेल, तर पायांचा माग तिथेच संपतो. म्हणजे घुटमळणाऱ्या कुत्र्याने एक गोष्ट सांगितलेली असते : माणूस इथवर पायी आला, इथून पुढे बहुधा पायी गेला नाही. आता टायरच्या खुणा शोधायच्या, जवळच्या ढाब्यावरचा कॅमेरा पाहायचा, ही कामं माणसांची.

भूगोलही हा माग वाकवतो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, तर मलकापूर-नांदुरा खाली पूर्णेच्या खोऱ्यात. रात्री थंड हवा उतारावरून नाल्याकडे सरकते आणि गंधही सोबत नेते. त्यामुळे पहाटे कुत्रं पाऊलवाट सोडून नाल्याकडे ओढू लागलं, तर ते चुकलंच असं नाही. दुपारी ऊन तापलं की तोच गंध हवेबरोबर वर उठतो आणि विरतो. वारा कुठून येतोय, जमीन किती ओली आहे, घटनेला किती तास झाले, याचा हिशेब हँडलरने दोरी हातात घेण्याआधी करायचा असतो.

कुत्र्याचं शिक्षण त्या मानाने सरळ आहे. त्याला गुन्हा, स्फोटकं, कायदा यातलं काही कळत नाही. त्याला चेंडू हवा असतो. सारख्या दिसणाऱ्या डब्यांच्या रांगेत एकाच डब्यात ठरलेला वास ठेवतात. तिथे नाक थबकलं की लगेच चेंडू मिळतो. हळूहळू डबे वाढतात, जागा बदलते, मध्ये खाण्याचे मोहक वास पेरले जातात. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला वास लागताच शांत बसायला शिकवतात, कारण तिथे पंजा मारणं जिवावर बेतेल. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर नाव झालेल्या ‘जंजीर’चं शिक्षणही पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात असंच पायरीपायरीने झालं होतं.

अवघड असतं ते माणसाला शिकवणं, कारण त्याला उत्तर माहीत असू शकतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खुरांनी टापा देऊन गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्टने त्याचं गुपित उघड केलं. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्सचं गणित चुकत असे. बरोबर आकड्याशी पोचताच माणसाच्या चेहऱ्यात, मानेत अगदी बारीक बदल होई आणि घोडा तो टिपून थांबे.

कुत्रं तर माणूस वाचण्यात घोड्याच्याही पुढे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात १८ हँडलर आपापली कुत्री घेऊन एका चर्चच्या खोल्यांमध्ये शोध घेत होते. लाल कागद लावलाय तिथे माल लपवलेला आहे, असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात कुठेही काहीच नव्हतं. तरी १४४ फेऱ्यांमध्ये ‘सापडलं’ असे २२५ इशारे नोंदले गेले. फक्त २१ फेऱ्या निरंक होत्या. संशय माणसाच्या डोक्यात होता. दोरीतून तो कुत्र्यापर्यंत पोचला, नाहीतर कुत्र्याच्या हालचालीत माणसाला तो दिसू लागला.

म्हणून चांगल्या सरावात माल कुठे ठेवलाय हे हँडलरला सांगत नाहीत. काही फेऱ्यांत मालच ठेवत नाहीत, म्हणजे ‘इथे काही नाही’ असं म्हणण्याचाही सराव होतो. दोरी सैल धरायची, संशयिताच्या दारापाशी पाऊल रेंगाळू द्यायचं नाही, आणि कुत्र्याचं अंग वाचत राहायचं. हुंगताना तोंड मिटतं, शेपटीची लय बदलते, गंध ओलांडून पुढे गेलं की मान झटकन मागे वळते. हे बारकावे प्रत्येक कुत्र्याचे वेगळे असतात. म्हणूनच हँडलर आणि कुत्रं ही जोडी सहसा मोडत नाहीत.

न्यायालयांनाही ही अडचण माहीत आहे. महाराष्ट्रातल्या एका रेल्वे घातपाताच्या खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने श्वानाच्या मागाला फारसं वजन दिलं नाही. कुत्रं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याच्या वतीने हँडलरच बोलतो, हा या पुराव्यावरचा एक मुख्य आक्षेप. माग तपासाला दिशा देतो. गुन्हा शाबित करायला दुसरा पुरावा लागतो.

आता पुन्हा त्या बातमीकडे वळू. रस्त्यावर शंभर माणसं जमली आहेत, सगळ्यांचं बोट एकाच घराकडे आहे, साहेब बघताहेत. अशा वेळी दोरी जराशी ताणली, तर कुत्रं त्या घरापर्यंत जाईलही, आणि गाव टाळ्या वाजवेल. तरीही हँडलर दोरी सैल सोडतो आणि कुत्र्याला घुटमळू देतो. त्याचं शिक्षण पुरं झालं, ते इथे दिसतं.

आपल्याकडून एवढंच करता येईल : चोरी झालेल्या घराभोवती पथक येईपर्यंत गर्दी करायची नाही. आपण शंभर जण तिथून चाललो की, चोराच्या एका मागावर शंभर माग पडतात.

(पुढच्या आठवड्यात : ज्ञानगंगा आणि अंबाबरवाच्या जंगलांच्या निमित्ताने, वाघाचं कातडं आणि हाडं हुंगून काढणारी वनविभागाची कुत्री.)