वरची जाड पिन

साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे राज्य वीजनिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौरऊर्जा प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. तालुका वीज देणारा झाला. पण आपल्या घरच्या प्लगात वीज नीट येते की नाही, हे कितीजण पाहतात? हा प्रश्न आमचा नव्हे. संगणक दुरुस्तीत केस पिकलेल्या आमच्या एका स्नेह्यांचा आहे.

आमच्या वस्तीतील एका मजूर भगिनीने भिशी उचलून मुलीसाठी जुना संगणक घेतला. सोबत मोठे स्पीकर आणि रंगीत दिव्यांचा माऊसही आला. आठ दिवसांत मुलगी सांगू लागली, "डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात." आम्ही स्नेह्यांना घेऊन गेलो. त्यांनी संगणक उघडलाच नाही. आधी प्लग पाहिला. दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून कोणीतरी वरची जाड पिन तोडून टाकली होती.

ते म्हणाले, "भाऊसाहेब, स्पीकरला पैसे होते, अर्थिंगला नव्हते!"

ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. डब्यात उतरलेली वीज तिच्या वाटेने जमिनीत जाते. ती वाट बंद झाली, की माणसाला झटका बसतो आणि यंत्रही धोक्यात येते. स्पाइक गार्डसुद्धा अर्थिंग असेल तरच पुरते काम करतो. आणि बाजारातला प्रत्येक एक्स्टेन्शन बोर्ड स्पाइक गार्ड नसतो. वायरमनकडून मीटर लावून घ्यावा. फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० व्होल्ट दिसावेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर दोष शोधून घ्यावा. खानदेशच्या उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. याला खर्च नाही.

दुसरी वस्तू यूपीएस. २००५ च्या सुमारास भारनियमनाच्या दिवसांत आमच्या कचेरीत तयार होत आलेले पगारपत्रक वीज जाताच नाहीसे झाले. रात्री बसून ते पुन्हा केले, तेव्हा यूपीएसची किंमत कळली. मात्र त्याचे काम तासभर संगणक चालवणे हे नाही. काम जतन करून यंत्र नीट बंद करायला दहा मिनिटे मिळाली, की पुरे. घेताना व्हीए आणि वॅट यांतला फरक विचारावा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुष्कळदा ३६० वॅटचाच असतो. लेझर प्रिंटर त्यावर लावू नये. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तेवढे पैसे बाजूला ठेवावेत.

पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी आहे, तिजोरी म्हणून नव्हे. जातीचा दाखला, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचा अर्ज यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. मोबाईलचा चार्जर घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो.

कीबोर्ड साधाच घ्यावा, पण त्यावर देवनागरी अक्षरे असावीत. इनस्क्रिप्ट ही मांडणी सरकारने १९८६ साली प्रमाणित केली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. एकदा बोटे बसली, की त्याच जागांवर शेजारची गुजरातीही टाइप करता येते. अक्षरे नसतील तर स्टिकर मिळतात.

स्नेह्यांचा नियम सोपा आहे: जी वस्तू माणसाला, यंत्राला आणि केलेल्या कामाला वाचवते ती आधी, जी नुसती चमकते ती शेवटी.

त्या भगिनीने पुढच्या महिन्यात वायरमन बोलावला, तीन पिनांचा सॉकेट आणि अर्थिंग करून घेतले. मोठे स्पीकर विकून त्यात भर घातली आणि यूपीएस आणला. मुलगी आता न घाबरता संगणकाला हात लावते. तुमच्या घरचा प्लग आज एकदा काढून पाहा. वरची पिन जागेवर आहे ना?