साबणावरील नक्षी : देखणी, पण दाहक

केकसारखे सजवलेले हस्तनिर्मित साबण आता भेटवस्तूंमध्ये दिसू लागले आहेत. त्यांवरील फुले व झालर साखरेच्या आयसिंगची नसून साबणाचीच असते.

थंड पद्धतीत तेल आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण बाहेरून उष्णता न देता घोटले जाते. त्यातून साबण व ग्लिसरीन तयार होते. मिश्रणावर ओढलेली रेघ मोडेनाशी झाली, की ते आयसिंगच्या पिशवीत भरून नक्षी काढतात. मिश्रण पातळ असल्यास आकार ओघळतो. फार घट्ट झाल्यास ते नळीत अडकते.

मात्र या वेळी रासायनिक क्रिया अपूर्ण असते आणि उरलेला सोडा त्वचा भाजू शकतो. म्हणून हातमोजे व चष्मा आवश्यक आहेत. सोडा पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये. ॲल्युमिनियमची भांडी टाळावीत. १०० ग्रॅम खोबरेल तेलास सुमारे १८ ग्रॅम, तर ऑलिव्ह तेलास सुमारे १३ ग्रॅम सोडा लागतो. त्यामुळे प्रत्येक घटक तोलूनच घ्यावा.

क्रिया साधारण एक-दोन दिवसांत पूर्ण होते. त्यानंतर वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकवतात. विक्रीसाठी उत्पादन करावयाचे असल्यास सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये परवाना घ्यावा लागतो. लहान मुले हा साबण खाऊ समजून तोंडात घालणार नाहीत, याचीही दक्षता घ्यावी.